कौसल्येची प्लास्टरची पट्टी

काला पत्थर रोड अर्धा संपला तेव्हा सुमित्राबाईंच्या लक्षात आलं, की घरातून निघाल्यापासून कौसल्येने हातातला डबा एकदाही खाली ठेवलेला नाही. दोन्ही तळव्यांवर, पोटाशी धरून, काठोकाठ भरलेली कळशी न्यावी तशी ती चालत होती. खांद्यावरची पर्स घसरली की कोपराने वर ढकलायची, पण डबा हलू द्यायची नाही.

"दे की जरा माझ्याकडे," सुमित्राबाई म्हणाल्या.

"नको काकू. तुम्ही आपला रस्ता बघा. तुमचा पाय मुरगळला तर डॉक्टर मला बोलतील."

"पायाचं दातांच्या डॉक्टरला काय?"

"त्या खुर्चीवर पाय वर करून बसायचं असतं ना."

सुमित्राबाई हसल्या आणि सवयीने तोंडावर पदर धरला. खालची कवळी हसताना उचलली जायची.

दोघी दिल्लीशेजारच्या वसुंधरा वसाहतीतून निघाल्या होत्या आणि नोएडाच्या बासष्ट सेक्टरमध्ये पोचायचं होतं. एरवी रिक्षाने वीस मिनिटांचा रस्ता. पण खांद्यावर गंगाजलाची कावड घेऊन चालणाऱ्या कावडियांचे दिवस होते, निम्मे रस्ते पोलिसांनी दोऱ्या बांधून बंद केलेले. पंधरा दिवस आधी लागणारा इथला सावन संपत आला होता का मध्यावर होता, हे सुमित्राबाईंना तीस वर्षांत नीट लक्षात राहिलं नव्हतं. आपला श्रावण अजून आठवड्यावर होता एवढं नक्की. त्या दोन्ही श्रावणांचे सोमवार करायच्या. "बायको एका महिन्याचा दीड महिना करून घेते," असं त्यांचे यजमान श्यामकांतराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

बंद रस्त्यांतूनही वाट काढणारा एक ई-रिक्षावाला मघाशी सोसायटीच्या दाराशी उभा होता. "आओ माताजी, गलियों से निकाल दूँगा," म्हणाला होता. सुमित्राबाई बसायलाच निघाल्या होत्या. कौसल्येने रिक्षाच्या चाकांकडे बघितलं, पुढच्या खड्ड्यांकडे बघितलं आणि नाही म्हणाली. मग सुमित्राबाईंनाही सहासष्टाव्या वर्षी एकटीने रिक्षात बसवेना. त्याही चालायला लागल्या.

डब्यात होतं काय, तर कापसात गुंडाळलेली प्लास्टरची पट्टी. घोड्याच्या नालेसारखी वाकडी, बोटाएवढ्या जाडीची, आणि तिच्यात धातूच्या चार नळ्या बसवलेल्या.

सुमित्राबाईंच्या खालच्या जबड्यात एकही दात उरला नव्हता. मधुमेहाने हिरड्या गेल्या आणि हिरड्यांपाठोपाठ दात. चार महिन्यांपूर्वी डॉ. देवयानींनी त्यांच्या जबड्याच्या हाडात चार इम्प्लांट पुरले होते. आता त्या चारांवर एकसंध दातांची पक्की ओळ स्क्रूने बसवायची. त्यासाठी कौसल्येने तोंडात छोटा कॅमेरा फिरवून जबड्याचं स्कॅनिंग केलं होतं. त्यावरून मशीनने जबड्याचा साचा छापला. त्या साच्यावर कौसल्येने आपल्या हाताने ही पट्टी ओतली होती. आज ती पट्टी तोंडात बसवून बघायची होती.

"पण साचा छापलाय ना तुमच्या मशीनने," सुमित्राबाईंनी विचारलं. "मग दात करायला घ्यायचे. ही पट्टी मध्येच कशाला?"

"शंका आहे म्हणून."

"कसली?"

पुढून कावडियांचा एक घोळका येत होता, घुंगरांचा आवाज करत. दोघी कडेला सरकल्या. सुमित्राबाईंनी हात जोडले. रस्त्याकडेच्या त्यांच्या शिबिरातला एक जण सरबताचे पेले घेऊन पुढे आला. कौसल्येचे दोन्ही हात अडकलेले आणि चेहरा गंभीर, ते पाहून त्याने आदराने विचारलं, "दीदी, गंगाजल है?"

"नहीं भैया. दाँत हैं."

तो पेला तसाच धरून राहिला. सुमित्राबाईंनी त्याच्या हातातून पेला घेतला, अर्धा स्वतः प्यायल्या आणि उरलेला कौसल्येच्या तोंडाला लावला. पुढे गेल्यावर दोघींना एकदमच हसू आलं. सुमित्राबाईंना पदर धरायचंही सुचलं नाही.

हसू ओसरल्यावर कौसल्या म्हणाली, "गोधडी शिवताना बघितलंय ना काकू? एक तुकडा दुसऱ्याला जोडायचा, दुसरा तिसऱ्याला. प्रत्येक जोडाला दोऱ्याएवढा फरक पडला तरी कळत नाही. पण दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत काठ वाकडा झालेला असतो. तो कॅमेरा तेच करतो. एका सेकंदात कितीतरी फोटो काढतो आणि एकाला एक जोडत जातो. तोंडात दात असले की त्याला खुणा सापडतात. तुमच्याकडे नुसती गुळगुळीत हिरडी. त्यात स्कॅनपुरत्या इम्प्लांटवर बसवलेल्या माझ्या चार खुंट्या. एका खुंटीपासून दुसरीपर्यंत जाताना त्याला धरायला काही नाही."

"फरक पडून पडून किती पडणार? केसाएवढा?"

"केस जाड असतो, काकू."

कौसल्या पुढे म्हणाली, की खरा दात हिरडीत जरा दबतो, हलतो, सांभाळून घेतो. इम्प्लांट हाडाला चिकटलेला. तो तसूभरही सरकत नाही. ओळ जरा तिरपी बसली तर चारही स्क्रू एकमेकांना ओढत राहतात. आज कळत नाही. वर्षभराने स्क्रू ढिले होतात, नाहीतर हाड झिजतं.

"आणि ही पट्टी काय करणार?"

"ही मोडणार. किंवा नाही मोडणार. हे प्लास्टर मुद्दाम ठिसूळ असतं. जरा ताण पडला की तडकतं. धातू वाकतो, प्लास्टिक वाकतं, आणि आपल्याला वाटतं बसलं. हे वाकत नाही."

"म्हणजे ती मोडली तर माझे दात..."

"मोडली तर स्कॅन चुकला. पुन्हा करायचा. पण आज कळलं पाहिजे. हितेशजींनी मला संध्याकाळपर्यंतच वेळ दिलाय. संध्याकाळी तुमच्या दातांची फाइल मशीनवर चढणार. एकदा धातू कापला की झालं."

हितेशजी म्हणजे लॅबचे मालक. साहिबाबादला एका तळघरात त्यांची दात बनवायची लॅब होती, कौसल्या तिथे सतरा वर्षं कामाला. सुमित्राबाईंना हे माहीत होतं. एकाच सोसायटीत राहणं, गणपतीत एकाच पंगतीत वाढणं, त्यामुळे माहिती बरीच होती. पण एवढं लांब दोघी बरोबर कधी चालल्या नव्हत्या, आणि चालताना माणूस घरात बोलतो त्याहून वेगळं बोलतो.

कौसल्या मूर्तिजापूरची. वडील रावसाहेब तायडे दिल्लीला सरकारी कार्यालयात दफ्तरी होते. फायली बांधायच्या, लावायच्या, मागितली की काढून द्यायची. एका खोलीत राहायचे आणि पैसे गावी पाठवायचे. मुलगी मराठी शाळेतून दहावी झाली तेव्हा तिला दिल्लीला घेऊन आले. त्यांना तिला डॉक्टर करायचं होतं. ते काही जमलं नाही. जमला तो दातांच्या कामाचा दोन वर्षांचा कोर्स.

"पहिल्या दिवशी हिंदी कळेना," कौसल्या सांगत होती. "सरांनी प्लास्टरचं भांडं दिलं, पाणी दिलं आणि काहीतरी बोलले. मला वाटलं भिंतीच्या डागडुजीचं काम आहे. सगळे हसले. पण साचा ओतला तो माझाच बुडबुड्याशिवाय निघाला. प्लास्टर ओतताना साच्याला खालून बोटाने टिचक्या मारत राहायचं असतं, मग हवा वर येते. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. आई धिरड्याच्या पिठाचं भांडं असं ठोकायची, म्हणून मीही ठोकलं."

लॅबमध्ये ती आणि सहा पुरुष. सगळे तिला प्लास्टरवाली दीदी म्हणायचे, त्यात आदर निम्मा होता. मग सहा वर्षांपूर्वी हितेशजींनी तोंडात फिरवायचा स्कॅनर घेतला. बहुतेक काम डॉ. देवयानींकडून यायचं, म्हणून मशीन त्यांच्याच क्लिनिकमध्ये ठेवलं. शिकायला कुणी तयार होईना. एक जण म्हणाला माझे डोळे, एक म्हणाला माझी इंग्रजी. कौसल्येची इंग्रजी त्या सगळ्यांहून कच्ची होती. ती घरी येऊन नवऱ्याच्या, अमोलच्या तोंडात चमचा फिरवून सराव करायची. हात कुठून सुरू करायचा, कुठे वळवायचा. पुढे रविवारी क्लिनिकमध्ये नेऊन खऱ्या मशीनने अमोलचं तोंड चाळीस वेळा स्कॅन केलं. अमोल नोएडातल्या टीव्हीच्या ऑफिसात इलेक्ट्रिशियन. तो म्हणायचा, माझ्या तोंडाचं आधार कार्ड झालंय.

"आणि तुझं प्लास्टर ओतायचं टेबल?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"काढलं हितेशजींनी. आता सगळं डिजिटल, म्हणाले. मी एक किलोचं पुडकं माझ्या खणात ठेवलं होतं. त्यातलंच आहे हे."

हायवेच्या पुलाखालून जाताना सुमित्राबाईंचा हात आपोआप कौसल्येच्या कोपराकडे गेला. हात धरला तर डबा हलेल म्हणून पुन्हा मागे घेतला. मनातल्या मनात गणपतीचं स्तोत्र सुरू केलं. ते त्यांचं श्वासासारखं होतं. जिन्यावर, बँकेच्या रांगेत, फोडणी तडतडेपर्यंत, कुठेही.

पण मोठ्याने म्हणून दोन वर्षं झाली होती. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सकाळी स्तोत्राची आवर्तनं असायची आणि बारा वर्षं पहिला आवाज सुमित्राबाईंचा. कवळी आल्यावर 'त'ला शिट्टी वाजायला लागली, 'द' घसरायला लागला. देवासमोर असं वेडंवाकडं म्हणायचं, त्यापेक्षा नको. त्या तिसऱ्या रांगेत बसून नुसते ओठ हलवायच्या. हे घरात कुणाला बोलल्या नव्हत्या. डॉक्टरांना सांगितलं होतं भाकरी चावत नाही म्हणून. यंदा गणपतीआधी पक्के दात बसायचे होते. पट्टी मोडू नये, असं त्यांना फार वाटत होतं. आणि चुकीचे दात बसले तर, असंही वाटत होतं.

क्लिनिकमध्ये पंखा लावून डॉ. देवयानींनी आधी दोघींना पाणी दिलं. डॉक्टर इंदूरच्या, चाळिशीतल्या, मराठी बोलता बोलता हिंदीत जायच्या.

"पायी? वेड्या आहात का तुम्ही दोघी? कौसल्या, मी तुला कालच बोलले, स्कॅन बिल्कुल सुंदर आहे. स्क्रीनवर कुठे काही दिसतंय का?"

"नाही दिसत, मॅडम."

"मग?"

"एकदा बघू या. दहा मिनिटं."

कौसल्येने डबा उघडला. कापूस बाजूला करून पट्टी उचलली, खिडकीशी नेऊन उजेडात फिरवली. आधी तिने पर्समधून छापलेला साचा काढला, डॉक्टरांच्या समोर त्यावर पट्टी ठेवली आणि चारही स्क्रू बोटांनी फिरवून बसवले. काही झालं नाही. स्क्रू काढले.

"बघितलं ना मॅडम? साच्यावर बसते. कुठे तडा नाही."

"हो बाई, नाही."

मग सुमित्राबाई कवळी काढून खुर्चीवर आडव्या झाल्या. डॉक्टरांनी पट्टी तोंडात ठेवली आणि पहिला स्क्रू फिरवला. दुसरा. तिसरा. कौसल्या दिवा धरून उभी होती, तिचा श्वास सुमित्राबाईंच्या कपाळावर लागत होता. चौथा स्क्रू अर्धा फिरला असेल नसेल, जबड्याच्या आत बारीक टक असं झालं. बाहेर ते कुणाला ऐकू गेलं नसेल, पण सुमित्राबाईंना हाडातून कानापर्यंत ऐकू आलं.

डॉक्टर थांबल्या. कौसल्येने वाकून पाहिलं. तिसऱ्या आणि चौथ्या नळीच्या मध्ये केसासारखी रेघ उमटली होती.

स्क्रू काढून पट्टी बाहेर घेतली. मग डॉक्टर म्हणाल्या, "रस्त्यात धक्का लागला असेल. इतकं लांब आणलंस. प्लास्टरचं काय, आतून कमजोर झालं असेल."

सुमित्राबाई तोंड पुसत उठून बसल्या. त्यांना वाटलं, चला, हे बरं झालं. धक्काच लागला असणार. म्हणजे स्कॅन बरोबर आहे, दात वेळेवर होतील, आणि ह्या पोरीवरही काही येणार नाही. त्या तसं बोलायलाही लागल्या, "त्या कावडियांच्या गर्दीत..."

"नाही काकू." कौसल्येने पट्टी कापसावर ठेवली. "धक्का लागू नये म्हणूनच चालत आणली. आणि आत्ता तुमच्यासमोर साच्यावर बसली, मॅडम. तिथे नाही तडकली. तोंडात तडकली."

"हो, पण..."

"स्कॅन चुकलाय. आणि का चुकला ते मला माहीत आहे."

ती डॉक्टरांकडे बघत नव्हती, सुमित्राबाईंकडे बघत होती.

"त्या दिवशी मी स्कॅन करत होते तेव्हा काकूंची जीभ हलत होती. सारखी. मला आधी कळलं नाही काय आहे, मग कळलं. काकू मनात देवाचं म्हणत होत्या. मनात म्हणतो तेव्हाही जीभ थोडी हलते. तिच्याबरोबर खालचं सगळं हलतं आणि कॅमेरा ते हललेलं जोडून टाकतो. मशीनने एकदा आवाजही दिला. मला थांबवायला पाहिजे होतं. पण माझ्या तोंडून निघेना. माणूस देवाचं म्हणतंय आणि त्याला गप्प बसा कसं सांगायचं? मी तशीच पुढे गेले. नंतर स्क्रीनवर तिथे हिरडी दुहेरी दिसत होती, कागदाची घडी पडावी तशी. ती मी पुसली. सगळेच पुसतात. पुसल्यावर छान दिसायला लागलं."

सुमित्राबाई म्हणाल्या, "अगं, मग चूक माझी. माझीच जीभ."

"जीभ तुमची, पण बघत होते मी. तुम्हाला कुठे माहीत होतं?"

डॉक्टर स्टुलावर बसल्या. रागावतील असं सुमित्राबाईंना वाटलं होतं. त्या तडा गेलेली पट्टी हातात घेऊन उजेडात बघत राहिल्या. "मी तर संध्याकाळी ओके पाठवणार होते," त्या हळूच म्हणाल्या. मग कौसल्येला म्हणाल्या, "हितेशला फोन लाव."

कौसल्येने स्पीकर लावला नव्हता, पण हितेशजींचा आवाज तसाही खोलीभर येत होता.

"सर, फाइल मत चढ़ाइए. जिग टूट गया." लॅबमध्ये त्या पट्टीला जिग म्हणत.

"तेरा प्लास्टर टूटा होगा. तुझे तो प्लास्टर से प्यार है."

"नहीं सर. स्कैन गलत है."

"किसका स्कैन था?"

"मेरा."

"इनचार्ज मैडम का," हितेशजी म्हणाले. "नए बच्चों को यही सिखाएगी? अगले महीने से चार लड़कियाँ तेरे नीचे दे रहा हूँ मैं."

"सोच लीजिए सर. पर फाइल मत चढ़ाइए."

"रोक दी, रोक दी. दोबारा कर. और इस बार ढंग से." फोन बंद झाला.

चार मुलींना शिकवायचं काम मिळणार, हे कौसल्येने चालताना सांगितलं नव्हतं. सुमित्राबाईंना आता कळलं, की तासभर पोटाशी धरून आणलेल्या त्या डब्यात हिचंही काही होतं.

लगेच दुसरा स्कॅन करायला घेतला. कौसल्येने चारही इम्प्लांटांवर खुंट्या बसवल्या, प्रत्येक खुंटी बोटाने दाबून, मग आरशाने चहूबाजूंनी बघून. खुंट्यांच्या मध्ये दोरा ताणून बांधला आणि त्यावर लगेच घट्ट होणाऱ्या निळ्या मसाल्याचे छोटे छोटे थेंब टाकले. एक थेंब गोल, एक लांबट, एक तिरपा. कॅमेऱ्याला ओळखायला खुणा हव्यात म्हणून.

"आता काकू, दोन मिनिटं. जीभ मागे, सैल. काही म्हणायचं नाही. मनातसुद्धा नाही."

सुमित्राबाईंनी मान हलवली. कॅमेरा आत आला. त्यांनी ठरवलं होतं, काही म्हणायचं नाही. आणि ठरवल्याबरोबर पहिली ओळ आपली आपणच सुरू झाली.

"हलली," कौसल्या म्हणाली आणि कॅमेरा बाहेर काढला.

दुसऱ्यांदा त्यांनी भाजीचा विचार करायचं ठरवलं. पडवळ, दोडका, भोपळा. दोडक्याशी आल्यावर पुन्हा, "हलली काकू."

"अगं, भाजी आठवत होते फक्त."

"भाजीचंही नाव नको."

डॉक्टर तोंड फिरवून हसल्या. सुमित्राबाईंना मात्र हसू येईना. पन्नास वर्षं जे आपोआप होत आलं ते दोन मिनिटं थांबवता येत नाही, आणि थांबवायचं तर ते देवाचंच थांबवायचं. घरातला दिवा आपल्या हाताने विझवून बसल्यासारखं वाटत होतं. डोळ्यांत पाणी आलं.

कौसल्येने कॅमेरा स्टँडला लावला. स्टूल ओढून ती खुर्चीशेजारी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "माझे बाबा शेवटी दवाखान्यात होते तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. नळी होती तोंडात. विहारात शिकवतात तसं ते नुसता श्वास बघायचे. आत येताना नाकाच्या टोकाशी थंड लागतो, बाहेर जाताना कोमट. मोजायचा नाही, नाव द्यायचं नाही. नुसतं बघायचं. मीही करते. कधी जमतं, कधी नाही."

"त्यात देव कुठे?"

"ते मला नाही सांगता येणार काकू. आमच्याकडे तसं विचारत नाहीत." तिने कॅमेरा पुन्हा उचलला. "पण श्वास तुम्ही घेत नाही ना. तो आपला येतो."

सुमित्राबाईंनी ह्यावर विचार केला. येतो खरा. झोपेत कोण घेतं.

तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटले आणि नाकाच्या टोकाशी लक्ष नेलं. एसीची हवा थंड होती. जाताना कोमट. पुन्हा थंड. बाहेर दूरवर कावडियांचा ढोल वाजत होता, तो ऐकू येत होता पण त्याचे शब्द होत नव्हते. तोंडात काहीतरी हलकेच फिरत होतं, उजवीकडून डावीकडे, मग परत. आपण काही म्हणत नाही आहोत आणि तरी एकट्याही नाही आहोत, असं त्यांना कधीतरी वाटलं. ते लक्षात येईपर्यंत कौसल्येचा आवाज आला, "झालं."

परतताना रस्ते उघडे होते. डबा रिकामा होता, म्हणून दोघी रिक्षाने आल्या. खड्ड्यांत रिक्षा आपटत होती आणि कौसल्या बाजूच्या दांडीला डोकं टेकून झोपली होती.

आठ दिवसांनी नवी पट्टी तयार झाली. कावडिये गेले होते, आपला श्रावण लागला होता, रस्ते मोकळे होते. तरी कौसल्या ह्याही वेळी पायीच आणणार म्हणाली आणि सुमित्राबाईंनीही पायांत बूट चढवले. श्यामकांतराव म्हणाले, "दातांपायी पाय झिजवून घ्या."

पहिला स्क्रू, दुसरा, तिसरा. चौथ्याला सुमित्राबाईंनी कान जबड्याशी लावून ठेवल्यासारखे केले. डॉक्टरांनी शेवटपर्यंत फिरवला. काही ऐकू आलं नाही. डॉक्टरांनी आणखी जरा घट्ट केला आणि आरशाने पाहिलं, मग कौसल्येने पाहिलं, मग पुन्हा डॉक्टरांनी.

"अख्खी आहे," कौसल्या म्हणाली. एवढंच. आणि हितेशजींना फोन करायला बाहेर गेली. हितेशजींनी त्या चार मुलींचा विषय काढला नाही, फक्त सोमवारी लवकर ये म्हणाले. ते बरं की वाईट, तिला कळलं नाही. पण तिचा चेहरा हलका दिसत होता.

दातांची ओळ कापायला गेली. गणपतीला पाच आठवडे होते आणि डॉक्टर म्हणाल्या, तीन पुरतील.

क्लिनिकखाली चहाची टपरी होती. तिथल्या बाकावर बसून सुमित्राबाईंनी पिशवीतून चार ताव काढले. मंडळाच्या गणपतीची स्मरणिका निघते, त्यात त्या दरवर्षी आपल्यातल्याच कुणावर तरी लिहायच्या. कधी टिफिन करणाऱ्या इंदुमतीबाईंवर, कधी पुरोहितांवर. ह्या वर्षी अपूर्वाने, म्हणजे स्मरणिका बघणाऱ्या मुलीने फोन केला तेव्हा त्यांनी काही विचार न करता सांगितलं होतं, कौसल्या तायडेवर लिहिते.

"वाच," त्या म्हणाल्या. "काही चुकलं असेल तर सांग. मशीनची नावं मला येत नाहीत."

कौसल्येने चहा बाजूला ठेवला. ती बोट ठेवून वाचत होती, शाळेत शिकवल्यासारखी. मूर्तिजापूरशी जरा हसली. अमोलच्या आधार कार्डाशी पुन्हा हसली. तिसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. चौथं पान संपवून तिने चारही ताव नीट एकावर एक लावले.

"छान लिहिलंय काकू. माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी लिहिलं नव्हतं."

"मग?"

"इथे लिहिलंय, मशीनच्या मर्यादेमुळे पहिला स्कॅन चुकला."

"मग चुकलाच ना. गुळगुळीत हिरडी, खुणा नाहीत, तूच सांगितलंस." सुमित्राबाईंनी चहाचा घोट घेतला. "स्मरणिका तीनशे घरांत जाते, बाई. तुझ्या लेकीच्या, समताच्या मैत्रिणी वाचतील, त्यांच्या आया वाचतील. उद्या हितेशजींच्या हातात पडली तर? कुणाच्या चुका छापायला लिहीत नाही मी."

"हितेशजींना मराठी येत नाही."

"कुणी तरी वाचून दाखवेल."

"दाखवू देत." कौसल्येने ताव त्यांच्या मांडीवर ठेवले. तिसरं पान वर काढलं आणि त्या ओळीवर बोट टेकवलं. "त्या चार मुली येतील का नाही ते माहीत नाही. आल्या तर त्यांना मी पहिल्या दिवशी हेच सांगणार आहे. मग इथे वेगळं कसं चालेल? मशीन चुकलं नाही काकू. मला दिसलं होतं, आणि मी तुम्हाला थांबा म्हणाले नाही. तेवढं ह्यात घाला."